तळघरातला तुटका त्रिकोण



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण बॅगाटेल खेळायचो ते आठवतं ना? लाकडी फळी, खिळ्यांची अर्धवर्तुळं आणि दांडीने सोडलेली गोळी. नेम कुणाचाच नसायचा, भांडणं मात्र सगळ्यांची. त्या फळीचा एक धाकटा भाऊ माझ्या शिकागोजवळच्या घराच्या तळघरात उभा आहे. त्याचं नाव पिनबॉल. स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी त्याच्याच एका तुटक्या तुकड्यापुढे बसलो होतो.

भाऊ म्हणतो ते उगाच नाही. १८७१ साली सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. स्प्रिंगची दांडी त्यातलीच. १९३१ मध्ये शिकागोत गॉटलिब यांचं ‘बॅफल बॉल’ निघालं. मंदीचे दिवस, हाती पैसा नाही, त्यामुळे एका पेनीतली ही करमणूक तुफान चालली. पण चेंडू एकदा सुटला की सगळा भरवसा नशिबावर, म्हणून जुगाराचा शिक्का बसला. १९४२ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांच्या काळात न्यूयॉर्कमध्ये बंदी आली, हजारो यंत्रं जप्त झाली आणि घणाने फोडली गेली. शाळकरी मुलांचे खाऊचे पैसे ही यंत्रं गिळतात, अशी तक्रार होती. (आपल्या वेळी ती तक्रार शाळेबाहेरच्या बोरंवाल्या आजींबद्दल असे!)

खेळाडूच्या हाती चेंडू परतवणारे फ्लिपर आले १९४७ मध्ये, ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. ज्या अंड्याचे तुकडे कुणालाच सांधता आले नाहीत, त्याचंच नाव! दुरुस्तीला बसलं की मला हे हटकून आठवतं. न्यूयॉर्कची बंदी उठायला मात्र १९७६ उजाडलं. रॉजर शार्प या पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीपुढे चेंडू कुठून जाईल ते आधी सांगून तसा मारून दाखवला.

माझं यंत्र साधारण त्याच काळातलं. फ्लिपरच्या वर दोन्ही बाजूंना रबर ताणलेलं असतं आणि त्यावर चित्राचा प्लास्टिकचा त्रिकोण. सुमारे ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू तिथे सारखा आदळतो आणि खालचे दिवे तापत राहतात. यंत्रं चार-पाच वर्षं पैसे मिळवण्यासाठीच बनवलेली. पन्नास वर्षांचा विचार करायचं कुणाला कारणही नव्हतं. माझा त्रिकोण मधोमध तडकला होता. त्यावरच्या झुल्यावरच्या मुलीचा हात असलेला कोपरा पूर्वीच गेला होता, आणि तिथे कुणीतरी दुसरा तुकडा चिकटवून लालभडक हात रंगवला होता.

हे चित्र प्लास्टिकच्या खालच्या बाजूने, उलट छापलेलं असतं. आधी रंग, शेवटी पांढरा थर. त्यामुळे मागून खरवडलं की चित्रच निघतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कडेला पांढरट धुरकटपणा येतो. प्लास्टिक विरघळवून सांधणारं द्रावण पक्कं, पण शाईत उतरलं तर रंग फुटतो. म्हणून आधी स्कॅन करून ठेवलं. एका हौशी माणसाकडून अखंड त्रिकोणाचा फोटोही मिळाला. त्यात हात पिवळ्या हातमोज्यात होता. म्हणजे नवा, अगदी बरोबर त्रिकोण छापून घेता येत होता. दोन दिवस मी तेच करणार होतो.

हे यंत्र मला शेजारच्या आजींनी दिलं. त्यांचे यजमान गेल्यावर. पिवळा हात दाखवायला फोटो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि हसल्या. म्हणाल्या, “लाल रंग माझ्या नेलपॉलिशचा आहे. न विचारता नेलं होतं त्याने.”

आपल्याला इतिहास शिकवणाऱ्या बाई वहीत लाल शाईने लिहायच्या, ‘पुरावा खोडू नये.’ मी तो शेरा तेव्हा गंभीरपणे घेतला नव्हता, हे बाईंपुढे आज कबूल करतो.

तडा वरच्या बाजूने, सुईच्या टोकावर मावेल एवढं द्रावण सोडून सांधला. एक रात्र वजनाखाली ठेवला. खाली त्याच आकाराचा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा तुकडा कापून बसवला, म्हणजे चेंडूचा मार त्याने सोसावा. लाल हात आहे तसाच ठेवला.

आजी रविवारी येऊन खेळून गेल्या. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आला.