पक्षी आणि विजेचा प्रकाश

बागेंत नित्य दिसणाऱ्या पांखराचें छायाचित्र घेणें सोपें असावें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पांखरू आपल्या अंगणांत येतें, म्हणून तें आपल्या स्वाधीन होतें असें नव्हे. तें बसतें दाट पानांच्या सावलींत, आणि क्षणभरही स्थिर राहत नाहीं. सावलींतला उजेड पुरावा म्हणून कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी ठेवावी, तर चित्र पुसट होतें. ती लवकर मिटावी, तर प्रकाश अपुरा पडतो. या पेंचांतून सुटण्यासाठीं मनुष्यानें जो प्रकाश निर्माण केला, त्याचा इतिहास आम्हांस येथें थोडक्यांत पाहावयाचा आहे.

१८८७ सालीं जर्मनींत आडोल्फ मीटे व योहान्नेस गेडिके यांनीं मॅग्नेशिअमच्या पुडींत पोटॅशिअम क्लोरेट मिसळून एकदम भडकणारें चूर्ण सिद्ध केलें. अमेरिकेंत जॉर्ज शायरस यांनीं अशाच चूर्णाच्या साह्यानें रात्रीं वन्य प्राण्यांचीं चित्रें घेतलीं. तीं १९०६ च्या जुलैंत ‘नॅशनल जिऑग्रफिक’ मासिकांत प्रसिद्ध झालीं, तेव्हां वाचक थक्क झाले. परंतु या प्रकाशाबरोबर भडका व धूर हीं दोन्ही येत. एक चित्र मिळे, आणि जनावर पळून जाई. पुढें १९३० च्या सुमारास काचेच्या बंद गोळ्यांतील चमकदिवे आले. धूर गेला, पण त्यांचा प्रकाशही उडत्या पंखाच्या मानानें फार वेळ रेंगाळत असे.

खरी क्रांति केली ती मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं. वीज आधीं सांठवून ठेवावयाची, आणि मग वायूनें भरलेल्या नळींतून ती एका झटक्यांत सोडावयाची, ही त्यांची युक्ति. तो प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही पुष्कळ कमी काळ टिकतो. येथें गति थांबवितो तो प्रकाशच. झडपेचें काम दुय्यम ठरतें. १९३६ च्या सुमारास न्यू हॅम्पशायरमध्यें त्यांनीं हमिंगबर्ड पक्ष्यांचीं चित्रें घेतलीं. आपल्याकडील शिंजीर फुलापाशीं क्षणभर तरंगतांना पुष्कळांनीं पाहिला असेल. हमिंगबर्ड त्याच्या कुळांतला नव्हे, पण तरंगण्याच्या कलेंत त्याहून फार पुढें गेलेला. सेकंदास सुमारें ५० वेळां हालणारे त्याचे पंख आपल्या डोळ्यांस केवळ धुक्यासारखे दिसतात. चित्रांत मात्र एक एक पीस स्पष्ट उमटलें. अशा चित्रांमुळें, मागें जातांना पंख उलटा कसा फिरतो, हें कोणासही पाहतां येऊं लागलें. १९६० सालीं क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनीं याच मार्गानें घेतलेल्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १९३७ सालीं वेल्समध्यें इंग्रज छायाचित्रकार एरिक हॉस्किंग रात्रीं आपल्या लपणाकडे जात असतां एका घुबडानें झडप घालून त्यांचा डावा डोळा निकामी केला. त्यांनीं घुबडांवर राग धरला नाहीं. १९४८ सालीं त्यांनींच तोंडांत भक्ष्य धरून पंख पसरलेल्या कोठी-घुबडाचें जें चित्र घेतलें, तें त्यांचें सर्वांत गाजलेलें चित्र होय. घुबडानें त्या रात्रीं अन्याय केला असें आम्हांस वाटत नाहीं. तेथें आगंतुक मनुष्यच होता.

जुन्या चूर्णाचा भडका निदान आपला उपद्रव उघड सांगे. आजचा प्रकाश निःशब्द आहे, आणि म्हणूनच मोह वाढला आहे. घरट्यावरची फांदी किंचित् बाजूस सारावी, कॅमेरा आणखी हातभर पुढें न्यावा, असें प्रत्येकास वाटतें. पण तीच फांदी उन्हापासून व कावळ्यापासून पिलांचें रक्षण करीत असते. आणि कॅमेऱ्यास बुजलेली मादी दूर राहिली, तर अंडीं थंड पडतात. चित्रांत यांतलें कांहींच दिसत नाहीं. म्हणून पक्ष्याचें छायाचित्र पाहतांना तें किती स्पष्ट आहे एवढेंच न विचारतां, तें घेऊन झाल्यावर पक्षी आपल्या घरट्याकडे परतला कीं नाहीं, हेंही विचारावें. ज्या चित्रापायीं घरटें ओस पडलें, तें कितीही सुंदर असलें तरी आम्ही त्यास यश म्हणणार नाहीं.