पूर्णा

परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव व रेल्वे जंक्शन. परभणी आणि नांदेड या दोन्ही शहरांपासून साधारण ३० किमी. गाव ज्या पूर्णा नदीकाठी वसले ती अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि दुधनेला पोटात घेऊन तालुक्यातील कंठेश्वर येथे गोदावरीला मिळते. (विदर्भातून तापीकडे जाणारी पूर्णा वेगळी.) दोन मोठ्या नद्यांचा काठ लाभूनही येथील बहुतेक शेती पिढ्यान्‌पिढ्या जिरायतच राहिली. नदी उंच दरडींच्या तळाशी वाहते. मोटेच्या काळात ते पाणी रानात चढवणे सोपे नव्हते.

त्यामुळे भिस्त काळ्या मातीवर. ही भारी जमीन पावसात इतकी चिकटते की औत घालता येत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण मुरलेली ओल ती धरून ठेवते. पावसाळा सरता सरता तिफणीने पेरलेली रब्बी ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर पोसते. माणसाला भाकर आणि बैलाला कडबा एकाच पिकातून मिळे.

रोख पैसा कापसाचा. निजामी अमलात या भागातील गावरानी कापसाला चांगले नाव होते. त्याच्या सुधारणेचे काम परभणीच्या महबूब बाग प्रक्षेत्रावर १९१८ पासून चालले. जिल्ह्यातील ऐतिहासिक शेत कोणते म्हणाल, तर पहिला मान याच प्रक्षेत्राचा; १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ आले, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे बियाण्यांचे प्रयोग होत होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाची मीटरगेज रेल्वे मनमाडला जोडली गेली. मुंबईला जाणारा माल तेथे गेज बदलत असल्याने एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागे, तरी बैलगाडीच्या मानाने ती मोठीच सोय होती. १९१२ मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. पुढे तो फाटा अकोल्यापर्यंत गेला व २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. नांदेडहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीचे तोंड पूर्णेत फिरते. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागेपर्यंत प्रवासी चहा उरकतात.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि १९५० च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. पाण्याचा प्रश्न मात्र पूर्णा नदीच्या वरच्या अंगाला सुटला: येलदरी धरण पाणी साठवते व वीज काढते, खालच्या सिद्धेश्वरमधून कालवे निघतात. कालवा आणि विद्युतपंप पोचले तेथे ऊस, केळी व हळद आली. नदीच्या नावाचा सहकारी साखर कारखाना शेजारच्या वसमतला आहे. कोरडवाहू रानात आता सोयाबीनने ज्वारीला मागे सारले आहे. काढणीला मजूर मिळत नाहीत, हे त्याचे एक कारण. घरचे बैल कमी झाल्याने कडब्याची निकडही उरली नाही, हे दुसरे.