मारबत-बडग्यांच्या आरोळ्या : नागपूरच्या एका अलिखित वाङ्मयाचा विचार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, लकडगंजाच्या शेजारच्या इतवारी व जगनाथ बुधवारी या जुन्या वस्त्यांतून मारबतींची मिरवणूक निघते. बांबू, कागद व कापड यांच्या या प्रचंड स्त्रीमूर्तींमागून बडगे, म्हणजे पुरुषाकृती पुतळे, चालतात. रोगराई आणि संकटे बरोबर घेऊन जाण्याची विनवणी मारबतीस मोठ्या आरोळ्यांनी केली जाते आणि शेवटी पुतळ्यांचे दहन होते. भय आणि विनोद यांचा असा संगम अन्यत्र क्वचितच आढळतो. या उत्सवाचे वर्णन अनेकदा झाले आहे; त्याच्या आरोळ्यांकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही.

काळ्या मारबतीचा आरंभ इ. स. १८८१ मध्ये व पिवळीचा १८८५ मध्ये झाला, असे परंपरा सांगते. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची असून ती रक्षणकर्ती मानली जाते. काळीविषयी मात्र दोन समजुती आहेत. एकीनुसार ती पूतना राक्षसी होय; दुसरीनुसार ती इंग्रजांना साह्य करणाऱ्या बांकाबाई भोसले यांची प्रतिमा होय. दुसऱ्या रघूजींच्या पत्नी असलेल्या बांकाबाईंकडे १८१८ नंतर, तिसऱ्या रघूजींच्या अल्पवयात, कारभाराची सूत्रे होती. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५७ च्या उठावात त्यांनी आपले वजन इंग्रजांच्या बाजूस टाकले आणि १८५८ मध्ये त्या निवर्तल्या. म्हणजे परंपरेतील आरंभवर्ष त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी येते. एवढ्यावरून ही समजूत खोटी ठरत नाही, कारण लोकस्मृतीस तेवीस वर्षे फार नव्हेत. परंतु ती मुळापासूनची होती हेही सिद्ध होत नाही. आरोळ्यांचा रोख मुख्यतः व्याधी घालविण्यावर आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

इंग्लंडातील ५ नोव्हेंबरच्या होळ्यांचा इतिहास या संदर्भात बोधक आहे. १६०५ चा कट उघडकीस आल्यावर तो दिवस साजरा होऊ लागला. परंतु १६७० नंतरच्या दशकात लंडनमध्ये पोपचे पुतळे जाळले जात होते, आणि गाय फॉक्सचा पुतळा रूढ झाला तो पुढे. विधी तोच राहिला. पुतळ्याचे नाव मात्र बदलले. काळ्या मारबतीच्या बाबतीतही विधी आणि नाव यांचा काळ निरनिराळा असण्याची शक्यता यास्तव मोकळी ठेवणे आवश्यक आहे.

बडग्यांच्या बाबतीत तर हा पालट दरवर्षी घडतो. महागाई, भ्रष्टाचार, साथीचे रोग, अप्रिय ठरलेले पुढारी, असा त्या वर्षीचा जो विषय असेल त्याचा बडगा निघतो आणि आरोळीही त्यास अनुरूप अशी रचली जाते. अमेरिकेत १९६२ मध्ये बॉबी पिकेट याचे 'मॉन्स्टर मॅश' हे हॅलोविनचे विनोदी गीत ध्वनिमुद्रिकेवर निघाले. त्याच वर्षी ते लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले आणि १९७३ मध्ये पुन्हा पहिल्या दहांत आले. मुद्रणामुळे क्षणिक विनोदास पुनर्जन्म लाभला. बडग्याच्या आरोळीस असे आश्रयस्थान सहसा मिळत नाही. ज्या पुतळ्यासाठी ती रचली जाते त्याच्याबरोबरच ती संपते.

हीच तिची उणीव आणि हेच तिचे मोल होय. जी वाणी टिकण्यासाठी बोलली जात नाही, ती पुष्कळदा अधिक निर्भीड असते. राजपत्रे व दप्तरे राज्यकर्त्यांचे म्हणणे जपतात. त्या वर्षी नगरातील सामान्य माणसास कशाची भीती वाटली आणि कशाचा राग आला, हे सांगणारी साधने विरळ आहेत. वर्ष, वस्ती आणि बडग्याचा विषय यांच्या नोंदीसह या आरोळ्या संकलित झाल्यास नागपूरच्या सामाजिक इतिहासास एक सलग साधन उपलब्ध होईल. जुन्या पिढीच्या स्मृतीत त्यांतील जे काही उरले असेल, ते टिपण्यास विलंब परवडणारा नाही.