कोलोरॅडोचा गांजा परवाना : राज्याची मुभा, केंद्राची मनाई

‘अमेरिकेत गांजा लीगल आहे’ हे वाक्य आपल्या मुलांच्या मोबाईलवर रोज फिरते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायला आपण कोलोरॅडो राज्याचे उदाहरण पाहू.

सुरुवात कशी झाली?
नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनी राज्यघटनेतील ‘अमेंडमेंट ६४’ ही दुरुस्ती मंजूर केली. १ जानेवारी २०१४ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्यांना दुकानातून गांजा विकत घेता येऊ लागला.

परवाना कोण देते?
राज्याच्या महसूल खात्यात यासाठी वेगळा विभाग आहे. लागवड, माल तयार करणे, तपासणी प्रयोगशाळा आणि किरकोळ दुकान, प्रत्येकाचा परवाना वेगळा. मालकाची पार्श्वभूमी तपासली जाते. राज्याने हो म्हटले तरी भागत नाही, स्थानिक प्रशासनाचीही मंजुरी लागते. एखादे शहर किंवा काउंटी आपल्या हद्दीत अशी दुकाने नकोत असेही ठरवू शकते.

नियम काय आहेत?
झाडांना टॅग लागतो. रोपापासून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत मालाची नोंद सरकारी यंत्रणेत राहते. खाण्याच्या पदार्थात एका वेळच्या मात्रेला १० मिलिग्रॅम आणि पूर्ण पाकिटाला १०० मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ही मर्यादा आहे. पाकीट लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असेच असावे लागते. माणूस, प्राणी किंवा फळाच्या आकाराच्या गोळ्या विकायला बंदी आहे. सार्वजनिक जागी ओढायलाही मनाई आहे.

कर किती?
घाऊक मालावर १५ टक्के उत्पादन शुल्क आणि किरकोळ विक्रीवर १५ टक्के खास कर. यातला काही पैसा सरकारी शाळांच्या इमारतींना जातो.

मग अडचण कुठे आहे?
हा परवाना राज्याचा आहे. केंद्राच्या कायद्याने हा धंदा आजही बेकायदाच. त्यामुळे अनेक मोठ्या बँका अशा दुकानांपासून लांब राहतात आणि बराच व्यवहार रोखीत चालतो.

आपल्या लोकांसाठी खरा धोका यापुढे आहे. व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व या गोष्टी केंद्र सरकारच्या हातात असतात. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केले, की राज्यात कायदेशीर असले तरी गांजाचा वापर किंवा या धंद्यातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जाला अडथळा ठरू शकते. म्हणजे दुकानाकडे रीतसर परवाना, कामगाराचा पगार रीतसर, तरी त्याचाच अर्ज अडकू शकतो. शिकायला गेलेल्या मुलाने गल्ल्यावर पार्टटाईम उभे राहण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारलेले बरे.

आणि भारतात?
इथे १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू आहे. १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो, पण त्यासाठीही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिकडच्या दुकानाची पावती इथल्या विमानतळावर कामाला येत नाही. सुट्टीला येणाऱ्या मुलामुलींना बॅग भरण्याआधीच हे फोनवर नीट सांगून ठेवू या.