कलम ४१२(ब): क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या वार्षिक हिशेबाची कुळकथा

अमेरिकेच्या संरक्षण खात्याला एखादे क्षेपणास्त्र विकत घ्यायचे असेल, तर त्या देशाच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, त्यासाठी दोन वेगवेगळे कायदे करावे लागतात. पहिला प्राधिकार कायदा. अमुक शस्त्र घेण्याची परवानगी आणि त्यावरील खर्चाची कमाल मर्यादा तो ठरवून देतो. दुसरा विनियोजन कायदा. तिजोरीतून पैसा प्रत्यक्ष काढण्याची मुभा त्यातून मिळते. पहिला कायदा दोन्ही सभागृहांच्या सशस्त्र सेना समित्यांकडून येतो, दुसरा विनियोजन समित्यांकडून, आणि दोन्ही दरवर्षी नव्याने संमत व्हावे लागतात. ही दुहेरी पद्धत अमेरिकी राज्यघटनेइतकीच जुनी असावी, असा समज सहज होतो. परंतु शस्त्रखरेदीच्या बाबतीत तिचा पहिला निम्मा भाग १९५९ सालचा आहे, आणि त्याचा जन्म हवाई संरक्षणाच्या दोन क्षेपणास्त्रांवरून लष्कर आणि हवाई दल यांच्यात जुंपलेल्या भांडणातून झाला.

पैशाच्या दोऱ्या लोकप्रतिनिधींच्या हाती असाव्यात, हे तत्त्व मात्र खरोखरच जुने आहे. संसदेच्या संमतीवाचून शांततेच्या काळात खडी फौज बाळगणे बेकायदा आहे, असे इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कनाम्याने जाहीर केले होते, आणि राजाच्या फौजेचा धसका घेतलेल्या अमेरिकी घटनाकारांनी १७८७ मध्ये तोच धागा पुढे नेला. कायद्याने केलेल्या विनियोजनाशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही आणि सैन्यासाठीचे विनियोजन दोन वर्षांहून अधिक मुदतीचे असणार नाही, अशी दोन बंधने त्यांनी घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात घातली. तथापि पैसा कशासाठी हवा, अमुक शस्त्र मुळात हवे की नको, हा प्रश्न दरवर्षी विचारण्याची सोय त्यात नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर शस्त्रखरेदीची परवानगी ढोबळ आणि कायमस्वरूपी कायद्यांनी एकदाच देऊन टाकलेली असे, त्यामुळे लष्करी विषयांचा अभ्यास असलेल्या सशस्त्र सेना समित्यांकडे वर्षाकाठी तपासण्यासारखे उरे ते मुख्यतः लष्करी बांधकाम: बराकी, धावपट्ट्या, गोदामे आणि तळ.

नेमक्या याच फटीतून क्षेपणास्त्रांचा प्रश्न समित्यांपुढे आला. सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने पाडण्यासाठी लष्कराकडे नायकी-हर्क्युलिस हे क्षेपणास्त्र होते, जे शहरांभोवती आणि तळांभोवती कडे करून उभे केले जाई. हवाई दलाचे बोमार्क हे त्याहून कितीतरी लांब पल्ल्याचे, जवळजवळ वैमानिकरहित विमानासारखे अस्त्र होते. दोन्ही दले आपापल्या अस्त्राचा कैवार घेऊन काँग्रेसपुढे उभी राहिली, आणि संरक्षण खाते कोणाच्याच पारड्यात वजन टाकीना. क्षेपणास्त्र डागायचे तर तळ बांधावा लागतो, आणि तळाचा खर्च बांधकामाच्या विधेयकात येतो, म्हणून शस्त्राविषयीचा वाद काँक्रीटच्या हिशेबात शिरला. १९५९ मध्ये एका सभागृहाच्या समितीने एका क्षेपणास्त्राच्या निधीला कात्री लावली, तर दुसऱ्या सभागृहात दुसऱ्यावर कुऱ्हाड आली. संरक्षणमंत्री नील मॅकेलरॉय यांनी तर काँग्रेसने आपल्याला निर्णय घेणे भाग पाडले तरी आपली हरकत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. ज्या खात्याने निवड करायची, त्याचाच प्रमुख ती दुसऱ्याने करवून घ्यावी असे म्हणतो, तेव्हा समित्यांनी हातावर हात ठेवून बसणे शक्यच नव्हते.

सिनेटच्या सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष, जॉर्जियाचे रिचर्ड रसेल यांनी त्याच बांधकाम विधेयकात एक छोटे कलम घातले. ऑगस्ट १९५९ मध्ये कायदा झालेल्या या विधेयकातील कलम ४१२(ब) नुसार ३१ डिसेंबर १९६० नंतर विमाने, क्षेपणास्त्रे आणि युद्धनौका यांच्या खरेदीसाठी कोणताही पैसा आधी स्वतंत्र प्राधिकार कायदा झाल्याशिवाय देता येणार नव्हता. १९६२ मध्ये या तीन गोष्टींसंबंधीचे संशोधनही कलमाच्या कक्षेत आले, आणि पुढे ही कक्षा वाढत वाढत आजचा वार्षिक राष्ट्रीय संरक्षण प्राधिकार कायदा आकाराला आला. अमेरिकेच्या संरक्षण धोरणावरील सर्वांत मोठ्या वार्षिक चर्चेचे मूळ बराकी आणि गोदामांच्या विधेयकात आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या चर्चेचा स्वभाव कळत नाही: ती मोठ्या सिद्धांतांपासून क्वचितच सुरू होते, ती एखाद्या रकमेपासून, एखाद्या जागेपासून सुरू होते.

या काळात धोक्याचे रूप पालटले होते. बॉम्बफेकी विमानांऐवजी आंतरखंडीय क्षेपणास्त्रांची भीती वाटू लागली होती, आणि येणारे अण्वस्त्र वाटेतच नष्ट करणाऱ्या क्षेपणास्त्रविरोधी अस्त्राची, नायकी-झ्यूसची, लष्कर जोरदार तरफदारी करत होते. येथे एक गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावी. लोकसभा सरकारची अनुदानाची मागणी मान्य करू शकते, फेटाळू शकते किंवा कमी करू शकते, पण स्वतःहून वाढवू शकत नाही. अमेरिकी काँग्रेस मात्र न मागितलेला पैसाही देऊ शकते. तिने तो दिलाही. झ्यूसचे उत्पादन सुरू करण्यास आयझेनहॉवर प्रशासन तयार नसताना काँग्रेसने त्यासाठी निधी दिला, आणि प्रशासनाने तो खर्च केला नाही. १९६६ मध्ये झ्यूसच्या पुढच्या पिढीच्या, नायकी-एक्सच्या, उत्पादनपूर्व तयारीसाठी तिने १६ कोटी ७९ लाख डॉलर मंजूर केले, तेही संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी मागितलेले नव्हते. म्हणजे आरंभी लगाम ओढणारे प्रशासन होते आणि टाच मारणारी काँग्रेस. सप्टेंबर १९६७ मध्ये मॅक्नमारांनी सॅन फ्रान्सिस्को येथील भाषणात, सोव्हिएत हल्ल्यापुढे असे संरक्षण टिकणार नाही हे सविस्तर सांगून, चीनच्या मर्यादित धोक्यासाठी म्हणून सेंटिनेल ही विरळ संरक्षणव्यवस्था जाहीर केली, तेव्हा त्या निर्णयामागे काँग्रेसचा हा रेटाही होता.

वारे फिरले ते जागांमुळे. सेंटिनेलची अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे बोस्टन, शिकागो, सिएटल या शहरांच्या परिसरात बसवायचे ठरताच तेथील रहिवाशांनी विरोध सुरू केला, आणि मतदारसंघातून आलेला तो आवाज सिनेटमध्ये पोहोचला. मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी योजना बदलून ती सेफगार्ड या नावाने, शहरांऐवजी प्रामुख्याने अमेरिकेच्या स्वतःच्या क्षेपणास्त्रांच्या रक्षणासाठी मांडली. टेनेसीचे अल्बर्ट गोर, म्हणजे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या गोर यांचे वडील, यांच्या उपसमितीने तिच्यावर उघड सुनावण्या घेतल्या. सुनावणी म्हणजे समितीपुढे साक्षीदाराने सर्वांसमक्ष दिलेली उत्तरे. त्यांत काय बाहेर येऊ शकते, याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. संरक्षण खात्याचे उपमंत्री डेव्हिड पॅकार्ड यांना खात्याबाहेरच्या कोणत्या शास्त्रज्ञाचा सल्ला घेतला, असे विचारले असता त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पॅनॉफ्स्की यांचे नाव घेतले. नंतर पॅनॉफ्स्की स्वतः साक्षीला आले आणि त्यांनी सांगितले की पॅकार्ड यांची व त्यांची भेट विमानतळावर योगायोगाने झाली होती, बोलणे अनौपचारिक होते आणि या निर्णयाच्या फेरविचारात सल्लागार म्हणून त्यांचा काही सहभाग नव्हता. इतकेच नव्हे तर त्यांची साक्ष योजनेच्या विरुद्ध गेली. अब्जावधी डॉलरच्या योजनेची स्वतंत्र तपासणी किती झाली होती, हे त्या साक्षीने देशाला जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही गोपनीय अहवालाने दाखवले नसते.

मतदान झाले ते ६ ऑगस्ट १९६९ रोजी, आणि ज्या विधेयकावर झाले ते रसेल यांच्या कलमामुळेच अस्तित्वात आलेले वार्षिक प्राधिकार विधेयक होते. सिनेटने त्याच्यावर सुमारे महिनाभर चर्चा केली. मेन राज्याच्या मार्गारेट चेस स्मिथ या निक्सन यांच्याच पक्षाच्या, आणि सशस्त्र सेना समितीवरील ज्येष्ठ सदस्य. त्यांनी सेफगार्डवरील खर्च रोखणारी दुरुस्ती मांडली. तिच्यावर ५० विरुद्ध ५० अशी मते पडली. बरोबरीत दुरुस्ती पडतेच, तरीही उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी विरोधी मत नोंदवून आकडा ५१ वर नेला. संशोधन चालू ठेवून उभारणी थांबवू पाहणारी जॉन शर्मन कूपर आणि फिलिप हार्ट यांची दुरुस्ती ४९ विरुद्ध ५१ अशी पडली. विरोधक हरले, पण पुढच्या प्रत्येक वर्षी हेच विधेयक पुन्हा येणार हे आता सर्वांना ठाऊक होते, आणि या जाणिवेने योजनेचा विस्तार अडवला. १९७० मध्ये काँग्रेसने उभारणी क्षेपणास्त्रतळांच्या रक्षणापुरतीच मर्यादित ठेवली. अशा संरक्षणावर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर दोन आणि १९७४ च्या पुरवणी करारानंतर एकच स्थळ उरले. नॉर्थ डकोटातील नेकोमाजवळचे हे स्थळ १ ऑक्टोबर १९७५ रोजी पूर्ण सज्ज झाले आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने ते बंद करण्याच्या बाजूने मत दिले. सुमारे ६ अब्ज डॉलर खर्चून उभारलेली १०० क्षेपणास्त्रांची ही यंत्रणा काही महिन्यांतच मोडीत निघाली. वार्षिक तपासणीचा हा गौरव जितका आहे तितकाच तिच्यावरचा ठपकाही आहे, कारण हाच प्रश्न सहा वर्षे आधी एका मताने सुटू शकला असता.

त्यानंतरच्या इतिहासात हेच हत्यार वेगवेगळ्या हातांनी वापरले. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलेल्या अवकाशस्थ संरक्षणाच्या कार्यक्रमासाठी मागितलेला निधी काँग्रेस वर्षानुवर्षे कमी करत राहिली, आणि १९८७ मध्ये सॅम नन व कार्ल लेव्हिन यांच्या पुढाकाराने प्राधिकार कायद्यातच अशी अट आली की १९७२ च्या कराराच्या रूढ अर्थाबाहेर जाणाऱ्या चाचण्यांवर पैसा खर्च होणार नाही. १९९५ मध्ये उलट घडले: काँग्रेसने २००३ पर्यंत राष्ट्रीय क्षेपणास्त्र-संरक्षण उभारण्याचा आग्रह विधेयकात धरला, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. १९९९ चा राष्ट्रीय क्षेपणास्त्र-संरक्षण कायदा सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला तो तंत्रज्ञान शक्य करेल तितक्या लवकर उभारणी करावी असे सांगणारा होता. परंतु निधी वार्षिक प्राधिकार आणि वार्षिक विनियोजन यांच्या अधीन राहील, हे वाक्यही त्यात होते, आणि उभारणीचा निर्णय अजून झालेला नाही, असे म्हणताना क्लिंटन यांनी त्याचाच आधार घेतला.

२००२ मध्ये संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या कार्यक्रमाला शस्त्रखरेदीच्या नेहमीच्या नियमांतून सूट दिली. काँग्रेसने ती सोसली, मात्र आपल्या लेखापरीक्षा कार्यालयाकडून कार्यक्रमाची दरवर्षी तपासणी करून घेण्याची तरतूद कायद्यात केली. अलास्कातील पहिली क्षेपणास्त्रे २००४ मध्ये बसली ती खरेदीच्या नव्हे, संशोधनाच्या खात्यातून. त्यामुळे खरेदीला लागू होणारे कितीतरी प्रश्न विचारलेच गेले नाहीत.

जुलै २०२५ मध्ये तर मूळ प्रथेलाच वळसा घातला गेला. नव्या देशव्यापी क्षेपणास्त्र-संरक्षणासाठीचे सुमारे २५ अब्ज डॉलर वार्षिक विधेयकातून न येता अर्थसंकल्प-समायोजनाच्या कायद्यातून आले, ज्या पद्धतीत सिनेटमधील चर्चेला २० तासांची मर्यादा असते आणि साधे बहुमत पुरते. सिनेटमधील मतदान ५१ विरुद्ध ५० झाले आणि निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षांचे होते. महिनाभराची चर्चा नाही, पॅनॉफ्स्कींसारख्यांच्या साक्षी नाहीत. परवानगी आणि पैसा एकाच कायद्यात, आणि तो पैसा ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येणार. ही रक्कम वार्षिक प्राधिकार विधेयकातूनच मागितली जायला हवी होती.