लुका पाचोलीची कच्ची वही

व्हेनिस, १४९४. लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूचं गणितावरचं जाडजूड पुस्तक छापून बाहेर पडलं. नाव 'सुम्मा दे अरिथमेतिका...' (पुढचं नाव इतकं लांबलचक आहे की सोडूनच देऊ). त्यातला एक भाग जमाखर्चावर. द्विनोंदी पद्धतीची ही पहिली छापील मांडणी, म्हणून लोक पाचोलीला 'अकाउंटिंगचा जनक' वगैरे म्हणतात. पद्धत त्याने शोधलेली नाही. जिनोआ शहराच्या १३४० च्या वह्यांत ती आधीच दिसते. मला आवडते ती वेगळीच गोष्ट. हे पुस्तक लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या बोलीत आहे!

आता यात काय विशेष, असं म्हणाल. तर तेव्हा विद्यापीठांची भाषा लॅटिन. फिबोनाचीने १२०२ मध्ये 'लिबेर अबाची' लिहिलं तेही लॅटिनमध्येच. पण व्यापाऱ्यांची पोरं जायची 'अबाको' शाळांत आणि व्यापारी गणित शिकायची ते बोलीभाषेत. पाचोलीने स्वतः तरुणपणी व्हेनिसमधल्या एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांची शिकवणी केली होती. पोरांना कुठल्या भाषेत कळतं हे त्याला ठाऊक असणारच.

पाचोलीने तीन वह्या सांगितल्या. पहिली 'मेमोरियाले', म्हणजे कच्ची वही. दिवसभरात जे घडलं ते साध्या शब्दांत, तपशीलवार, हाती येईल त्या नाण्यात उतरवायचं. मालक, गुमास्ता, नोकर पोरगा, घरातल्या बायकासुद्धा (लिहिता येत असेल तर!) त्यात लिहू शकतात. त्यावरून दुसरी, कीर्द. इथे एकच चलन आणि ठरलेली भाषा. तिथून तिसरी, खतावणी, जिथे प्रत्येक व्यवहार दोनदा येतो. आमच्या धंद्यात सांगायचं तर रॉ लॉग, मग पार्सर, मग डेटाबेस.

खरी गोम पहिल्या वहीतून दुसरीत जाताना आहे. वाक्य वाचून 'यात कोण कोणाचं देणं लागतो?' हे कळलं नाही, तर पुढचं सगळं चुकलं. मग गणित कितीही पक्कं असो.

माझ्या मामेबहिणीचं हेच व्हायचं. दहावी मराठी माध्यमात, अकरावी कॉमर्स इंग्रजीत. वर्गात गुजराती, हिंदी, उर्दू माध्यमातून आलेलीही पोरं. आकडेमोडीत कोणी कच्चं नव्हतं. अडायचं ते 'गुड्स सोल्ड टू रमेश ऑन क्रेडिट' अशा वाक्यावर. वाक्यात लिहिलंय क्रेडिट आणि रमेशचं खातं करायचं डेबिट! इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द. मराठीत मात्र 'रमेशला उधार माल विकला, रक्कम रमेशच्या नावे'. उधार वेगळं, जमा वेगळं. घोळच नाही.

म्हणजे परके शब्द वाईट, असं अजिबात नाही. 'जमा' अरबीतून आला, 'कीर्द' फारसीतून. पेशवे दफ्तरात मोडीत लिहिलेल्या रोजकीर्दी आहेत. वापरून वापरून ते शब्द आपले झाले. पाचोलीनंतर युरोपातही तेच झालं. यान इम्पिनचं जमाखर्चाचं पुस्तक १५४३ मध्ये अँटवर्पला डच आणि फ्रेंचमध्ये निघालं, १५४७ मध्ये इंग्रजीत. आज जगावर राज्य करणारी अकाउंटिंगची इंग्रजीसुद्धा एके काळी भाषांतरं वाचूनच शिकली!

आपल्याकडे अकरावी-बारावीला मराठीत पुस्तपालन शिकता येतं, पण सीएच्या परीक्षेला इंग्रजी किंवा हिंदी हेच पर्याय. तिथे पोचेपर्यंत बरीच पोरं 'आपल्याला अकाउंट्स जमत नाही' असं ठरवून मोकळी होतात. जमत नसतं ते वाक्य, आणि गळतं ते करिअर.

उपाय पाचोलीचाच आहे, आणि फुकट आहे. नोंद करायच्या आधी व्यवहार नेमका काय झाला ते ज्याने त्याने आपल्या भाषेत दोन ओळींत लिहावं. गुजरातीत, उर्दूत, कशातही. कच्ची वही कच्चीच असते, तिला कोणी मार्क देत नाही. कीर्द मग इंग्रजीत करा की!