रुंद चाकाचा इतिहास

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील पठारावर वसले आहे. शहराची वस्ती ओलांडून नंदीदुर्गाच्या किंवा तुरहळ्ळीच्या वनाच्या बाजूस गेले की डांबरी सडक संपते. लाल माती, सुटे खडे आणि ग्रेनाइटचे उघडे खडक सुरू होतात. गेल्या काही दशकांत या वाटांवर डोंगरी सायकली धावू लागल्या. त्यांतील काहींच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंग नसते. अशा ताठ सांगाड्याच्या सायकलीवर खड्ड्याचा धक्का सरळ मनगटात आणि पाठीच्या कण्यात जातो. त्यावर स्वाराला सुचणारा पहिला उपाय म्हणजे रुंद टायर आणि त्याला साजेशी रुंद रिम. हा उपाय नवा वाटतो. वस्तुतः त्यामागे पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसविण्याची विद्या प्राचीन आहे. धावेमुळे लाकूड टिकते; परंतु अरुंद धाव रस्ता चिरते आणि प्रत्येक धक्का गाडीला व जनावराला सोसावा लागतो. चाक आणि जमीन यांच्यामध्ये हवा कोंडावी, ही कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने 1845 साली पेटंटच्या रूपाने मांडली. त्याच्या हवेच्या चाकांची घोडागाडी लंडनमध्ये धावली, पण काळ तिला अनुकूल नव्हता आणि लोक ती विसरले. पुढे बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनविला आणि 1888 साली पेटंट घेतले. टॉमसनचे जुने पेटंट उजेडात येताच डनलॉपचा हक्क टिकला नाही. नाव मात्र त्याचेच राहिले.

यानंतर सायकलीच्या जगात एक समजूत रुजली : टायर जितका अरुंद व कडक, तितका वेग अधिक. गुळगुळीत शर्यतपथावर ती बऱ्याच अंशी खरी होती. परंतु 1933 साली अमेरिकेत श्विन कंपनीने सुमारे सव्वादोन इंच रुंदीचा ‘बलून’ टायर आणला, तो दणकट आणि आरामशीर सायकल हवी म्हणून. चाळीसएक वर्षांनी कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्याच्या तरुणांनी त्याच जुन्या, जड सायकली माऊंट टॅमलपायस परिसरातील उतारांवरून खाली सोडल्या. तेथील ‘रिपॅक’ ही शर्यत 1976 साली सुरू झाली. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की आतील वंगण जळून जाई आणि तो पुन्हा भरावा लागे. त्यावरूनच शर्यतीला हे नाव मिळाले. जो ब्रीझने 1977 साली याच कामासाठी खास सांगाडा घडविला आणि 1981 पासून कारखान्यात तयार झालेल्या डोंगरी सायकली बाजारात आल्या. त्यांनाही स्प्रिंग नव्हती. धक्का सोसण्याचे काम टायरमधील हवाच करीत होती.

1989 नंतर स्प्रिंगचे चिमटे रूढ झाले आणि रुंद टायरचे महत्त्व काही काळ मागे पडले. त्याला नवे आयुष्य मिळाले अलास्काच्या बर्फात. अरुंद चाक हिमात रुतते, म्हणून तेथील स्वारांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून चाक रुंद केले. 2005 साली सर्ली कंपनीने साडेतीन इंचांहून रुंद टायरची ‘पग्सली’ बाजारात आणली.

या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट सिद्ध झाली, ती अशी की केवळ टायर रुंद करून भागत नाही. अरुंद रिमवर रुंद टायर कमी दाबाने चालविला तर वळणावर तो आडवा लोळतो. रिम रुंद असली की त्याच्या कडा ताठ उभ्या राहतात आणि कमी हवेतही पकड सुटत नाही. दुसरी मर्यादा सांगाड्याची. चिमट्यातील आणि मागच्या दांड्यांमधील फट मोजल्याशिवाय टायर घेणे व्यर्थ. चिखल साचण्यासही थोडी जागा सोडावी लागते. यावर एक युक्ती निघाली. 622 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर 53 मिलिमीटरचा टायर असेल, तर चाकाचा एकूण व्यास 728 भरतो. 584 च्या रिमवर 71 मिलिमीटरचा टायर बसविला, तर तो 726 होतो. उंची जवळजवळ तीच राहते आणि रुंदी मात्र वाढते. पण यासाठी डिस्क ब्रेक हवा, कारण रिमला धरणाऱ्या ब्रेकचे गुटके लहान रिमपर्यंत पोहोचत नाहीत.

चाक बदलण्याचा विचार बंगळूरला पूर्वीही झाला होता, तो सायकलीसाठी नव्हे, बैलासाठी. तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी 1970 च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला. लोखंडी धावेमुळे रस्त्याची होणारी हानी आणि जोखडाखाली बैलाला सोसावा लागणारा त्रास हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. रबरी चाकांनी ओढ हलकी होई. परंतु किंमत व दुरुस्ती शेतकऱ्याच्या आवाक्यात आणणे कठीण होते. सायकलस्वाराने आपल्या सुखासाठी केलेली निवड शेतकऱ्यापुढे जमाखर्चाचा प्रश्न होऊन उभी राहिली. रुंद चाकाचा लाभ वाट खडबडीत असलेल्या प्रत्येकाला हवा असतो. तो कोणाला मिळतो, हे बाजारातील भाव ठरवतो.